सकाळची न्याहारी
(संघाच्या वार्षिक संमेलनात नाशिक येथे केलेले भाषण)



या व्यासपीठावरून शिक्षण, हुंडा, विवाहखर्च, व्यवसाय अशा गंभीर विषयांवर व्याख्याने व्हावीत, ही आपल्या संघाची परंपरा आहे. अशा ठिकाणी भाकरी आणि पोहे यांविषयी बोलावयास आम्ही उभे राहिलो, हे पाहून मागील रांगेतील तरुण मंडळींच्या चेहऱ्यावर स्मित उमटलेले आम्हांस दिसते आहे. त्यांचा आम्हांस मुळीच राग नाही. त्यांच्या वयाचे असतो तर आम्हीही हसलो असतो. परंतु गेली काही वर्षे आपल्या विद्यार्थी वसतिगृहाच्या व्यवस्थेत आमचा हात आहे, आणि तेथे जे पाहिले त्यामुळे हा विषय मनाला लागून राहिला आहे. भाषणाच्या अखेरीस सभेपुढे एक सूचना मांडावयाची आहे. तिला पैसा लागणार आहे, म्हणून हा विस्तार.

प्रथम आमचा अपराध सांगतो. वसतिगृहाचा खर्च हाताबाहेर जाऊ लागला, तेव्हा काटकसरीसाठी एक लहानशी समिती नेमण्यात आली होती. तीत आम्ही होतो. किराणा महाग, गॅस महाग, स्वयंपाकी मिळेनासा झालेला. तेव्हा सकाळची न्याहारी बंद करावी, मुलांना चहा व बिस्किटे द्यावीत आणि साडेअकराचे जेवण आहे तसे ठेवावे, असा मसुदा तयार झाला. तो आमच्याच हस्ताक्षरात होता. वर्षअखेरीस जी शिल्लक दिसली तिचा अहवालात गौरवाने उल्लेख झाला, टाळ्याही पडल्या. त्या टाळ्यांत आमच्याही टाळ्या होत्या.

पुढे एका पावसाळ्यात छपराची गळती पाहावयास म्हणून आम्ही सकाळी साडेदहाच्या सुमारास वसतिगृहात गेलो. पायरीवर एक मुलगा डोके दोन्ही हातांत धरून बसला होता. नांदगावकडचा, शास्त्रशाखेच्या पहिल्या वर्षाचा. महाविद्यालयातून मधूनच परत आला होता. काय झाले म्हणून विचारले, तर उठून उभा राहिला आणि म्हणाला, "काही नाही सर, डोळ्यांपुढे अंधारी येते. रोजचंच आहे." आजार असता तर औषध दिले असते, पण ह्या 'रोजचंच' शब्दाला काय औषध द्यावे ते आम्हांस कळेना. थोडा बोलता केला, तेव्हा म्हणाला, "घरी असताना भाकरी खाऊनच शेतावर जायचो. इथं मुळी कामच नाही, नुसतं बसायचं असतं, तरी असं का होतं कळत नाही."

आम्ही स्वयंपाक्याला जेवणाच्या वेळा विचारल्या. रात्रीचे पान साडेसातला, दुसऱ्या दिवशीचे साडेअकराला. मधले अंतर सोळा तासांचे! आमच्या घरच्या मांजरालाही आम्ही सोळा तास उपाशी ठेवीत नाही. ज्या मुलांच्या खिशात पैसे असत ती कोपऱ्यावर जाऊन वडापाव खात. ज्यांच्या खिशात नसत ती दुसऱ्यांदा चहा मागत, आणि दुसरा चहा द्यावयाचा नाही, असे आमच्याच मसुद्यात लिहिलेले होते. संघाच्या शिलकेत जमा झालेला पैसा कोणाच्या पोटातून आला होता, हे त्या सकाळी आम्हांस समजले.

आता हा चहा न्याहारीच्या जागी येऊन बसला कसा, हे थोडे पाहू. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी शेतकऱ्याच्या वा कारागिराच्या घरी सकाळी चहा नव्हता, न्याहारी होती. चहाचे महाराष्ट्रातील पदार्पण तर अशा गडबडीने झाले की, ज्ञातिसंस्थेच्या सभेत ती हकिकत सांगण्याचा मोह आवरत नाही. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले. तेथे जमलेल्या मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली. मंडळी साधीसुधी नव्हती. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारखे गृहस्थ तीत होते. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापविली आणि पुण्यात ग्रामण्य उभे राहिले. कोणी चहा घेतला, कोणी नुसता ओठाला लावला, याचा काथ्याकूट झाला; प्रायश्चित्ताची पाळी आली. ज्या चहा-बिस्किटांपायी एके काळी माणसे जातीबाहेर पडण्याच्या बेतास आली, त्या चहाखेरीज आज ज्ञातीची एकही सभा सुरू होत नाही! आपली आजची सभादेखील पाऊण तास उशिरा सुरू झाली ती चहापायीच, हे स्वागत समितीने आम्हांस क्षमा करून मान्य करावे.

पुढे सरकारने १९०३ साली चहावर उपकर बसविला आणि त्या पैशातून देशात चहाचा प्रसार सुरू झाला. १९३० नंतर तर बाजारात, रेल्वे स्थानकांवर, गिरण्यांतून चहाचे पेले भरून लोकांना सवय लावण्यात आली. चहाला आमचा विरोध नाही, आम्ही स्वतः दिवसातून तीन वेळा घेतो. विरोध आहे तो चहाने अन्नाची जागा बळकावण्याला. साखर आणि ऊन पाणी पोटात गेले की भूक काही वेळ मरते, आणि भूक मेली म्हणजे पोट भरले असा आपला समज होतो.

तेव्हाची न्याहारी म्हणजे काय होती? आपल्या जिल्ह्याचे दोन भाग पडतात. पूर्वेस नांदगाव, येवला, मालेगाव हा कमी पावसाचा बाजरीचा प्रदेश. पश्चिमेस पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी हा डोंगराळ, भरपूर पावसाचा, भात, वरई आणि नागलीचा प्रदेश. कोकणात जिला नाचणी म्हणतात तीच आपली नागली. पूर्वेकडच्या घरात सकाळी बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची नाहीतर लसणाची चटणी, कांदा, असल्यास ताक. पश्चिमेकडे नागलीची भाकरी नाहीतर आंबील. शहरातल्या घरी रात्रीच्या पोळीचा कुस्करा, फोडणीचा भात, थालीपीठ, पाहुणा असेल तर पोहे वा सांजा. यात मौजेचे काही नाही. पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेली अन्नघटकांची कोष्टके उघडून पाहिली तर या साध्या पदार्थांविषयीचा आदर वाढतो. शंभर ग्रॅम बाजरीत सहा मिलिग्रॅमच्या वर लोह आहे. तेवढ्याच सडलेल्या तांदळात ते एक मिलिग्रॅमही भरत नाही. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर चुना, म्हणजे कॅल्शियम, आहे. वजनास वजन धरले तर गाईच्या दुधाच्या सुमारे तिप्पट. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हा शहरातल्या दुकानांतून नागलीची बिस्किटे सुबक डब्यांत विकावयास आली. ज्यांच्या आयांनी नागलीची भाकरी गरिबीची खूण म्हणून सोडली, त्यांच्या सुना ती बिस्किटे चौपट दराने घेत असल्याचे आम्ही पाहिले आहे.

या ठिकाणी बाजरीच्या कैवाऱ्यांनाही एक गोष्ट सांगावयास हवी. धान्यातील लोह सगळे अंगी लागत नाही. धान्याच्या अंगच्याच काही द्रव्यांमुळे ते अडून राहते. मोड आणले, आंबविले, वर लिंबू पिळले, आवळा वा पेरू खाल्ला, तर अधिक अंगी लागते. आंबील, मोडाची मटकी, पोह्यांवरचे लिंबू यांमागे हे शहाणपण आहे. आणि उलट, अन्नाबरोबर चहा घेतला तर चहातील तुरट द्रव्ये लोहाला शरीरात शिरूच देत नाहीत. भाकरी खाता खाता चहाचे घोट घेण्याची जी पद्धत आपल्या घरोघरी रूढ झाली आहे, तिने बाजरीचे निम्मे पुण्य वाया जाते. चहा सोडू नये, तासाभराच्या अंतराने घ्यावा, एवढेच.

पण न्याहारी न केल्याने नेमके काय होते? रात्री आपण झोपतो, परंतु मेंदू झोपत नाही. शरीर स्वस्थ असताना जी शक्ती खर्च होते तिचा सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. लहान मुलात हा हिस्सा याहूनही मोठा असतो. रात्रभर त्याला साखर पुरविण्याचे काम यकृतात साठविलेल्या साठ्यावर चालते आणि सकाळपर्यंत हा साठा पुष्कळ ओसरलेला असतो. मोठे माणूस चरबीवर निभावून नेते. लहान मुलाची गंगाजळी लहान आणि खर्च मोठा. नांदगावच्या त्या मुलाला वाटत होते की वर्गात नुसते बसावयाचे असते, तेथे कसले श्रम! गणिताचा तास हे श्रमाचेच काम आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि आम्ही पस्तीस वर्षे शिक्षकी करूनही ते विसरलो होतो.

पुष्कळांना हे शास्त्र पटते. पण पुरावा काय, असे ते विचारतात. विचारावेच. आमच्या वाचनात आलेल्या प्रयोगांपैकी जमैका बेटावरचा एक आम्हांस फार आवडला. तेथील सोळा खेडेगावांतील शाळांतून आठशे चौदा मुले निवडण्यात आली. निम्म्यांना शाळेच्या संपूर्ण वर्षभर रोज सकाळी न्याहारी दिली. उरलेल्यांना संत्र्याची एकेक चतकोर फोड, म्हणजे लक्ष सारखेच पुरविले गेले, अन्न मात्र एकांनाच मिळाले. १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. न्याहारी मिळालेल्या मुलांची उंची, वजन व हजेरी यांत थोडी पण निश्चित भर पडली, आणि खालच्या वर्गांतील मुलांचे गणित सुधारले. 'थोडी' हा शब्द आम्ही मुद्दाम ठेवला आहे. न्याहारीने मंदबुद्धीचा विद्वान होत नाही. उपाशी मुलाचा वर्ग वाया जात नाही, एवढाच तिचा महिमा.

वजन कमी होण्यासाठी न्याहारी करा, असे जे सांगतात त्यांच्यापासून मात्र सावध असावे. २०१९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तेरा प्रयोगांचा आढावा प्रसिद्ध झाला. न्याहारी करणाऱ्या प्रौढांचे वजन त्यामुळे घटते, असे त्यात दिसले नाही. न्याहारी हेच दिवसातले सर्वांत महत्त्वाचे अन्न, असा डंका पिटण्यात डबाबंद धान्याच्या विक्रेत्यांचा हात मोठा आहे. त्यांचा आणि आपला हेतू एक नव्हे. सडपातळ होण्याच्या इच्छेने आलेल्या श्रोत्यांना आमच्याजवळ देण्यासारखे काही नाही. मधुमेहाचे औषध वा इन्सुलिन घेणाऱ्या मंडळींनी मात्र न्याहारीच्या वेळेत स्वतःच्या बुद्धीने फेरबदल करू नये, डॉक्टरांना विचारावे.

देशातही या बाबतीत हालचाल झाली आहे. तमिळनाडूने १५ सप्टेंबर २०२२ रोजी मदुराई येथून प्राथमिक शाळांतील मुलांसाठी सकाळच्या न्याहारीची योजना सुरू केली. आरंभी १५४५ शाळा, आणि पुढच्याच वर्षी ती राज्यातील सर्व सरकारी प्राथमिक शाळांना लागू केली. उप्पीट, खिचडी, पोंगल असे साधे पदार्थ. आपल्या राज्यात १९९५ पासून शाळेत जाणाऱ्या मुलाला घरी नेण्यासाठी दरमहा तीन किलो तांदूळ मिळत असे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ सालच्या आदेशानंतर शिजविलेले अन्न मिळू लागले, पण ते दुपारचे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सकाळची न्याहारीही द्यावी असे सुचविले, आणि जेथे ऊन अन्न शक्य नाही तेथे शेंगदाणे वा चणे गुळासह द्यावेत असे म्हटले. दारी आलेल्या वाटसरूला गूळ-शेंगदाणे देण्याची रीत ज्या घरांत होती, त्या घरांना हे नवे वाटू नये. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असे ठरविले. मुलांची झोप पुरी व्हावी हा त्यातला हेतू, पण न्याहारीलाही त्यामुळे वेळ मिळाला. पाचवीपासून पुढच्या मुलांचे काय, हा प्रश्न शिल्लकच आहे. सातच्या शाळेचे मूल साडेसहाला रिक्षात बसते. त्याच्या हाती दुधाचा पेला देऊन 'पी लवकर' म्हणणारी आई आणि दारात भोंगा वाजविणारा रिक्षावाला हे दृश्य सिडकोपासून नाशिकरोडपर्यंत कोठेही पाहावे.

नाशिककर म्हणून एका पदार्थाविषयी बोललो नाही, तर आपण आम्हांस घरी जाऊ देणार नाही. मिसळ! रविवारी सकाळी गंगापूर रोडच्या बाजूला मोटारींची जी रांग लागते ती पाहून परगावच्या माणसाला येथे कसली जत्रा आहे असे वाटते. मिसळीच्या पोटातली मोडाची मटकी उत्तम, वरचा कांदा व लिंबूही उत्तम. तर्री, शेव आणि दोन-दोन जोड्या पाव यांचे काय करावयाचे, ते ज्याने त्याने आपल्या वयाकडे पाहून ठरवावे. आठवड्यातून एकदा आम्हीही जातो. परंतु रविवारची मिसळ ही मौज आहे. सोमवार ते शनिवारची उणीव तिने भरून निघत नाही.

भगिनींनो, आता जे बोलणार आहोत ते आपल्याविषयी आहे, पण ऐकावयाचे पुरुषांनी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या शंभर स्त्रियांपैकी चोपन्न स्त्रियांच्या रक्तात लाली कमी आढळली. आधीच्या फेरीत हा आकडा अठ्ठेचाळीस होता. म्हणजे तो उतरला नाही, चढला. या आकड्याला कारणे अनेक आहेत आणि त्यांतले सगळे स्वयंपाकघरात नाही. परंतु आपल्या घरातली सकाळ आठवून पाहा. पाचला उठून डबे करणारी कोण? सर्वांना वाढून झाल्यावर ओट्यापाशी उभ्याने चहा घेणारी कोण? सोमवार, चतुर्थी, एकादशी हे उपवास कोणाच्या वाट्याचे? आमच्या गृहस्वामिनींना आम्ही चाळीस वर्षे पाहत आलो. त्या सकाळी अकराच्या आधी काही खात नाहीत हे आम्हांस ठाऊकच नव्हते, मुलाच्या लग्नानंतर नव्या सूनबाईंनी पहिल्या आठवड्यातच ते टिपले आणि विचारले, "आई, तुम्ही आमच्याबरोबर का बसत नाही?" प्रश्न आईला होता, पण उत्तर द्यावयास आम्ही बांधलेले होतो, आणि आमच्याजवळ उत्तर नव्हते. आता आमच्या घरी सकाळी आठला सर्वजण एकत्र बसतात. पहिला आठवडाभर गृहस्वामिनी दर दोन घासांनी उठत होत्या; सवय मोडावयास वेळ लागला. थालीपिठे आदल्या रात्री भिजविलेल्या भाजणीची असतात आणि ती थापण्याचे काम आमच्याकडे आले आहे. ती गोल होत नाहीत, ही तक्रार खरी आहे.

आता मूळ सूचनेकडे येतो. वसतिगृहातील न्याहारी या वर्षापासून पुन्हा सुरू करावी, मुलांच्या आणि मुलींच्या दोन्ही वसतिगृहांत. सकाळच्या वर्गाला जाणाऱ्यांस सहा वाजता, इतरांस आठ वाजता. आठवड्यातून तीन दिवस बाजरी वा नागलीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, दोन दिवस मोडाची उसळ, एक दिवस लिंबू पिळलेले पोहे, रविवारी स्वयंपाक्याच्या मर्जीने काय होईल ते. जे ऊन खाण्यास थांबू शकत नाहीत त्यांच्यासाठी गूळ-शेंगदाण्याचे लाडू डब्यात भरलेले असावेत. चहा असावा, पण न्याहारीनंतर तासाभराने. सकाळच्या वर्गाच्या मुलांनी तो परतल्यावर घ्यावा. भाकरी मुले खाणार नाहीत असे काही सभासदांचे म्हणणे आमच्या कानावर आले आहे. कदाचित पहिला महिनाभर खाणार नाहीत. परंतु नांदगाव आणि येवल्याकडची मुले तरी खातील, आणि भाकरीबरोबर जी चटणी असते तिच्या वासाने इतरही येतील, असा आमचा अंदाज आहे.

खर्चाविषयी. संमेलनाच्या भोजनातील दुसरे पक्वान्न आणि सत्काराच्या शाली यांवर दरवर्षी जो खर्च होतो तो वसतिगृहाकडे वळवावा, असे आम्ही सुचवितो. या वर्षी ज्या ज्येष्ठांचा सत्कार व्हावयाचा त्यांत आमचेही नाव आहे. आमची शाल आम्हांस नको आहे. श्रीफळ मात्र घेऊ, चटणीत खोबरे लागतेच. उरलेली तूट ज्ञातिबांधवांनी धान्याच्या रूपाने भरावी. निफाड, येवला आणि नांदगाव तालुक्यांतील पाच शेतकरी कुटुंबांनी सुगीनंतर प्रत्येकी एक पोते बाजरी देण्याचे आमच्याजवळ कबूल केले आहे. पेठेकडून नागली विकत घ्यावी लागेल. दळणाची व्यवस्था भद्रकालीतील आपल्या एका बांधवांच्या गिरणीत होईल. त्यांनी दळणावळ घेणार नाही असे सांगितले आहे, आणि आपले नाव जाहीर करू नये असेही सांगितले आहे.

काटकसर समितीचा तो जुना ठराव रद्द करावा, अशी सूचना आम्ही, त्या ठरावाचे लेखक या नात्याने, सभेपुढे मांडीत आहोत. अनुमोदन कोणीतरी वसतिगृहात राहून गेलेल्या तरुण सभासदाने द्यावे, अशी आमची इच्छा आहे. मागच्या रांगेत तसे चार-पाच जण बसलेले आम्हांस दिसत आहेत.